कागदावरचा हक्क आणि सरकीतला नियम

यवतमाळ जिल्ह्यात मृग नक्षत्र जवळ आले की कृषी केंद्रांच्या दारात कापूस उत्पादकांची गर्दी होऊ लागते. राळेगाव असो, घाटंजी असो, पांढरकवडा असो वा वणी, चित्र सर्वत्र सारखेच. ज्या वस्तूसाठी शेतकरी उसनवारी करून ताटकळत उभा असतो ती वस्तू म्हणजे सरकी. वास्तविक एक क्विंटल कापसातून ६० किलोहून अधिक सरकी निघते. मागच्या वर्षी याच शेतकऱ्याच्या शेतातून निघालेली सरकी जिनिंगमधून तेलाच्या गिरणीत गेली आणि तिची ढेप गुरांच्या गव्हाणीत आली. पेरणीच्या वेळी मात्र त्याला मुठी मोजून सरकी विकत घ्यावी लागते. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने बीटी कापसाच्या संकरित बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरवून दिली. जो माणूस सरकी क्विंटलांनी पिकवतो, त्यानेच ती ग्रॅममध्ये विकत घ्यावी, ही विसंगती या कृषिव्यवस्थेचे मर्म सांगणारी आहे.

या विसंगतीचे उत्तर ‘कंपन्यांची लूट’ या दोन शब्दांत देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. लूट म्हटली की तिच्यामागे कोणता तरी कायदा किंवा कोणती तरी सक्ती असावी, असे गृहीत धरले जाते. येथे तसे काहीच दिसत नाही. उलट संसदेने २००१ साली केलेला वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतो. अट एवढीच की, संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेखाली विकता येणार नाही. असा उदार कायदा जगात फार थोड्या देशांत असेल. भारताच्या पेटंट कायद्यानुसार वनस्पती व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. बीटी जनुकाच्या संदर्भात जे पेटंट देण्यात आले होते, त्यावरून कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या. पण त्या पेटंटाची मुदतही २०१९ मध्ये संपली. २०२० पासून सरकारने त्या तंत्रज्ञानाचे स्वामित्वशुल्क शून्यावर आणले. त्या वर्षी पाकिटाची किंमत ७३० रुपये होती.

म्हणजे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने, पेटंट संपलेले, स्वामित्वशुल्क शून्य. तरीही रांग संपली नाही आणि किंमत ७३० वरून ९०१ वर गेली. याचा अर्थ उघड आहे. बियाण्याला लावलेले कुलूप पेटंटाचे नव्हते. ते कुलूप सरकीच्या आतच आहे आणि ते आनुवंशिकतेच्या नियमांनी घडलेले आहे. ते नियम काय आहेत, हे समजून घेतल्याशिवाय बियाण्याच्या हक्काची चळवळ पुढे जाणार नाही. हा विषय प्रयोगशाळेतला आहे, आपला नाही, अशी समजूत कार्यकर्त्यांत आढळते. ती सोडून दिली पाहिजे.

वाटाण्याचे गणित

योहान ग्रेगोर मेंडेल हा आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो या शहराच्या मठात राहणारा धर्मगुरू. त्याने मठाच्या बागेत आठ वर्षे वाटाण्यावर प्रयोग केले, १८६५ साली ते तेथील विज्ञानमंडळापुढे वाचले आणि १८६६ साली ते छापून आले. त्याने गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा असे दोन शुद्ध वाण घेतले व त्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले; सुरकुती जणू नाहीशी झाली. ती झाडे आपापल्या परागाने फळू दिली तेव्हा दुसऱ्या पिढीत ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. जवळजवळ तीनास एक असे हे प्रमाण होते. नाहीसा झालेला गुण नाहीसा झालाच नव्हता. तो दडून बसला होता.

यातून मेंडेलने जो अर्थ काढला तो त्याच्या काळाच्या समजुतीला छेद देणारा होता. आईबापांचे गुण दूध आणि पाणी मिसळावे तसे मिसळतात, असे त्या वेळी मानले जाई. मेंडेलने दाखवले की प्रत्येक गुणाचे घटक जोडीने असतात, एक मातेकडून आलेला व एक पित्याकडून. जोडीत दोन वेगळे घटक आले तर एक प्रभावी ठरतो आणि दुसरा झाकला जातो. पण तो नष्ट होत नाही. पुढची पिढी निर्माण होताना जोडी फुटते आणि अपत्याच्या वाट्याला दोहोंपैकी एकच घटक येतो. कोणता येईल, हे नाणे उडवण्यासारखे असते. आणि निरनिराळ्या गुणांच्या जोड्या साधारणतः एकमेकींपासून स्वतंत्रपणे फुटतात. या घटकांनाच आज जनुके म्हणतात. हे निष्कर्ष ३४ वर्षे धूळ खात पडले. १९०० साली दे व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांनी त्यांचे महत्त्व पुन्हा जगापुढे आणले.

संकराचे कुलूप

हा नियम बाजारात कसा उतरला, ते पाहण्यासारखे आहे. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील जॉर्ज शल याने मक्याचे शुद्ध वाण तयार करून त्यांचा संकर केला. त्या संकरातून झालेली पहिली पिढी दोन्ही पालकांपेक्षा जोमदार व सर्वत्र एकसारखी निघते, असे त्याला आढळले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा लाभ खरा होता. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. संकरित झाडाचे बियाणे पेरले तर दुसऱ्या पिढीत जोड्या फुटतात, काही झाडे एका पालकाकडे झुकतात, काही दुसऱ्याकडे आणि तो जोम व ती एकसारखी वाढ दोन्ही ओसरतात. समजा, पिकाचा जोम अवघ्या दहा जोड्यांवर अवलंबून आहे. त्यांतील प्रत्येक जोडी पुढच्या पिढीत संकरित राहण्याची शक्यता निम्मी. दहाच्या दहा जोड्या संकरित राहिलेले झाड १,०२४ मध्ये एक निघेल. प्रत्यक्षात जोड्या दहापेक्षा कितीतरी अधिक असतात.

हेच ते कुलूप. त्याला पोलीस लागत नाही, न्यायालय लागत नाही, करारनामाही लागत नाही. शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवले तर कोणी त्याला अडवत नाही; फक्त पुढच्या वर्षी त्याच्या शेतात उंच, बुटकी, लवकर येणारी, उशिरा येणारी अशी मिश्र पऱ्हाटी उभी राहते. एकदा असा अनुभव घेतला की तो मुकाट्याने कृषी केंद्राची वाट धरतो. ज्या भांडवलाला बियाण्यात गुंतवणूक करायची होती, त्याला याहून सुरक्षित माल कोणता मिळणार?

याउलट सरळ वाणाचे असते. कापूस हे बव्हंशी स्वपरागित पीक आहे. सरळ वाणातील जनुकांच्या जोड्यांचे दोन्ही घटक बहुतेक सारखेच असल्यामुळे जोडी फुटली तरी हाती येणारा घटक तोच असतो. म्हणून त्याची सरकी राखून पेरली तरी झाड तसेच येते. मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते. ती निवड करून काढता येते. वऱ्हाडातील देशी कापूस पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने पेरला गेला. ‘उमरा’ या नावाने तो परदेशी बाजारात ओळखला जाई आणि ते नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, पडलेले होते. त्या कापसाचा धागा आखूड होता आणि त्याचा भाव परक्यांच्या हाती होता. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बियाणे मात्र घरचे होते.

भारतात कापसाच्या संकराचा प्रारंभ सरकारी क्षेत्रात झाला, हे विसरता कामा नये. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल यांनी एच-४ हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी तयार झालेला तो जगातला पहिला संकरित कापूस. १९७२ साली धारवाडहून वरलक्ष्मी आला. नांदेडचा एनएचएच-४४ पुढे विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत घरोघरी पोहोचला. त्याआधी संकरित ज्वारीने ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसवला होताच. यवतमाळ जिल्ह्याचेच सुपुत्र वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि दुष्काळाच्या छायेत अन्नधान्य वाढवण्याचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता. त्या वेळी संकरित बियाणे सरकारी संस्थांकडूनही मिळे. दरवर्षी ते घ्यावे लागले तरी विकणारा लोकांचा होता. पुढे विकणारा बदलला. कुलूप मात्र तेच राहिले.

कापसाच्या संकराला आणखी एक पैलू आहे. मादी झाडाच्या एकेका कळीतील पुंकेसर संध्याकाळी हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग त्यावर लावायचा, अशा रीतीने हे बियाणे तयार होते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात, आणि आंध्र, तेलंगण व गुजरातच्या बीजोत्पादक शेतांत लहान मुलींकडूनही ते करून घेतले गेल्याची नोंद झालेली आहे. जगातील बहुतेक कापूस उत्पादक देशांत सरळ वाण पेरतात. तेथे झाडे दाट लावतात, पीक लवकर उरकतात. आपल्याकडे बियाणे महाग म्हणून झाडे विरळ, झाडे विरळ म्हणून ती दीर्घकाळ वाढू द्यायची आणि दीर्घकाळ वाढू द्यायची म्हणून किडीला दीर्घकाळ अन्न पुरवायचे, असे हे चक्र आहे.

बोंडाच्या आतली पिढी

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाच्या तीन वाणांना मंजुरी दिली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातलेले. त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करते. तिन्ही वाण संकरित होते. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीजी-२ आला. दशकभरात देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले आणि मंजूर वाणांची संख्या हजारावर पोहोचली. चीनमध्ये, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात हेच जनुक मुख्यतः सरळ वाणांत घातले गेले. भारतात ते जवळपास सर्वस्वी संकरित वाणांत घातले गेले. हा निर्णय शेतकऱ्याला विचारून झालेला नव्हता.

या निर्णयाचे परिणाम मेंडेलच्या गणितानेच समजून घेता येतात. संकर करताना बीटी जनुक सामान्यतः एकाच पालकात असते. म्हणून शेतात उभ्या असलेल्या झाडात त्या जनुकाची एकच प्रत असते. झाड एकसारखे बीटी दिसते, तसे ते असतेही. पण त्या झाडाच्या बोंडातील सरकी ही त्या झाडाची पिढी नव्हे. ती पुढची पिढी आहे. तेथे जोडी फुटलेली असते. मेंडेलच्या वाटाण्याप्रमाणेच तेथेही तीनास एक हेच प्रमाण येते. चारांतील एका सरकीत ते जनुक नसते. दोन स्वतंत्र जनुके असली तर १६ सरक्यांतील नऊंत दोन्ही, सहांत कोणते तरी एकच आणि एकीत कोणतेच नाही, असा हिशेब पडतो. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या असतात, हे लक्षात घेतले म्हणजे जवळजवळ प्रत्येक बोंडात विषाची मात्रा पुरी, अर्धी आणि शून्य अशा तिन्ही प्रकारच्या सरक्या शेजारी शेजारी बसलेल्या आढळतील.

आणि गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. ती अंड्यातून बाहेर पडताच बोंडात शिरते. बाहेरच्या फवाऱ्याचा तिला स्पर्श होत नाही. तिचे सारे आयुष्य सरक्यांच्या संगतीत जाते. शत्रूला ठार मारायचे तर मात्रा पुरी हवी. अर्धवट मात्रा मिळाली तर तो मरत नाही, सरावतो, असे जे व्यवहारात म्हटले जाते ते येथे वेगळ्या अर्थाने खरे ठरते. एकटी अळी सरावत नाही. ज्या अळ्यांत प्रतिकाराचे जनुक असते त्या वाचतात व वाढतात. बोंडातली ही सरमिसळ अशा अळ्यांच्या निवडीला हातभार लावते, असे कापूसशास्त्रज्ञांपैकी काहींनी बजावले आहे.

अळीचा वारसाही मेंडेलच्या नियमानेच चालतो. बोंडअळीतील बीटीविरोधी प्रतिकार हा बहुतांशी झाकला जाणारा, म्हणजे अप्रभावी गुण आहे. त्याच्या दोन प्रती असल्या तरच अळी तगते. समजा, असे घटक हजारांत एक आहेत. मग दोन्ही प्रती असलेली अळी दहा लाखांत एक. तिचे मीलन साध्या पतंगाशी झाले तर पिल्लांत एकच प्रत उतरेल आणि पिल्ले बीटी झाडावर मरतील. यासाठीच बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी दिली जाई. साधे पतंग जिवंत ठेवणे हा तिचा हेतू. पण पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने काही ओळी किडीसाठी सोडाव्यात, हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही, आणि त्याचा तोटा कोणी भरून दिला नाही. ती पाकिटे बांधावर पडून राहिली. पुढे साधी सरकी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली, तोवर वेळ निघून गेली होती. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे २०१० साली खुद्द कंपनीने मान्य केले. पुढच्या काही वर्षांत तिने दुसऱ्या जनुकालाही दाद दिली नाही.

२०१७ चा खरीप यवतमाळ विसरणार नाही. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरून काढला. त्याच हंगामात, जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान, माणसाच्या डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत रसशोषक किडी व बोंडअळीसाठी फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषध विकणाऱ्यांची बेफिकिरी, संरक्षक साधनांचा अभाव, तपासणीतील ढिलाई ही कारणे होतीच. पण जे बियाणे फवारणी कमी करील म्हणून विकले गेले, त्याच बियाण्याच्या शेतात माणसे फवारणीने मेली, या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करता येणार नाही. मेलेल्यांत मजुरीने फवारणी करणारे भूमिहीनही होते. त्यांनी ना बियाणे निवडले होते, ना त्याचा नफा पाहिला होता.

हा परिणाम अटळ नव्हता. अमेरिकेने सरळ वाण, साध्या कापसाच्या राखीव ओळी, वांझ पतंग सोडणे व पीक वेळेवर काढणे या उपायांची सांगड घातली आणि २०१८ साली तेथील कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. चीनच्या यांगत्से खोऱ्यातील शेतकऱ्यांनी तर संकरित बीटीचीच दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. मेंडेलच्या हिशेबाने त्यांच्या शेतात चौथाई झाडे अख्खी बिनबीटीची निघाली, ती साध्या पतंगांचे आश्रयस्थान ठरली आणि अळीचा प्रतिकार मागे हटला. नियम तोच. एका ठिकाणी तो शेतकऱ्याच्या कामी आला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर उलटला.

दोष नियमाचा नव्हे

येथे समाजवादी कार्यकर्त्याने एका जुन्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. मेंडेलचा नियम भांडवलाच्या कामी आला म्हणून तो नियमच भांडवलशाही आहे, असे म्हणणारे लोक डाव्या चळवळीत होऊन गेले. सोव्हिएत रशियात लायसेंको याने आनुवंशिकीला परकीय व प्रतिगामी ठरवले. १९४८ साली त्याच्या मताला सरकारी शिक्का मिळाला. जगभरातून पिकांच्या बियाण्यांचा अपूर्व संग्रह करणारे निकोलाय वाव्हिलोव्ह त्याआधीच, १९४३ साली, तुरुंगात मरण पावले होते. नियम नाकारल्याने तो बदलला नाही. रशियाची शेती मात्र एका पिढीने मागे गेली. त्याच्या उलट टोकाला, आनुवंशिकतेचे नाव घेऊन जातीची उच्चनीचता रक्तात शोधणारे लोक आपल्याकडे आहेत. मेंडेलचा वाटाणा त्यांनाही आधार देत नाही. घटक फुटतात, विखुरतात, नव्याने जुळतात, हेच तर तो सांगतो. निसर्गाचा नियम कोणाच्याच बाजूचा नसतो. त्याचा उपयोग कोणत्या रूपात करायचा, हे माणसे ठरवतात, आणि ते ठरवणाऱ्या खोलीत कोण बसले होते, हा राजकारणाचा प्रश्न आहे.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, संकरित बीटीनेच देशाचे उत्पादन वाढवले. २००२-०३ मध्ये रुईचे हेक्टरी उत्पादन सुमारे ३०२ किलो होते, ते २००७-०८ मध्ये ५५४ वर गेले, हे खरे. अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव पहिल्या वर्षांत खूपच कमी झाला, हेही खरे. पण त्याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली. बीटीखालील क्षेत्र पुढे जवळपास पूर्ण झाल्यावर उत्पादन आणखी वाढायला हवे होते. ते घसरून अलीकडे ४४० किलोंच्या आसपास आले. महाराष्ट्राचा आकडा तर देशाच्या सरासरीहूनही खाली आहे. ओलिताखालच्या संकराचा लाभ यवतमाळच्या कोरडवाहू उथळ जमिनीला तसाच मिळेल, हा हिशेब मुळातच चुकीचा होता.

दुसरा आक्षेप असा की, शेतकरी हे बियाणे स्वखुशीने घेतो. निवडीचे स्वातंत्र्य त्याला हवे आहे. शेतकरी संघटनेने तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी २०१९ साली अकोला जिल्ह्यात विनापरवाना बियाणे जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला, तो याच भूमिकेतून. त्या भूमिकेमागची तळमळ नाकारण्याचे कारण नाही. पण दुकानात हजार नावे असली आणि ती सारी संकरितच असली, तर तो निवडीचा देखावा आहे. ज्याची सरकी पुढच्या वर्षी पेरता येते असे बियाणे फळीवर ठेवा आणि मग शेतकऱ्याला निवडू द्या. ते खरे स्वातंत्र्य.

तिसरा आक्षेप असा की, सरळ वाणाचे बियाणे एकदाच विकले जाते. मग त्यावर संशोधनाचा खर्च कोण करणार? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणूनच तो आपल्या बाजूचा आहे. खाजगी भांडवल हे काम करणार नाही, हे एकदा मान्य केले की ते सार्वजनिक संस्थांनी करायचे आहे, हे आपोआपच सिद्ध होते. तसा प्रयत्न झाला नाही असे नाही. बिकानेरी नरमा या सरळ वाणात सार्वजनिक संस्थांनी बीटी जनुक घातले. २००८-०९ च्या सुमारास त्याची सरकी शेतकऱ्याला राखता येईल अशा भूमिकेतून ती दिलीही. पण त्यात कंपनीच्याच जनुकाची भेसळ आढळली, वाण मागे घ्यावा लागला आणि २०१२ मध्ये सोपोरी समितीच्या अहवालाने संशोधनातील हलगर्जीवर बोट ठेवले. एका अपयशाने सार्वजनिक क्षेत्राचे धैर्य खचावे आणि मैदान मोकळे सुटावे, हा या प्रकरणातला सर्वांत मोठा तोटा होय.

करावयाचे काय?

कोरडवाहू जिल्ह्यात या प्रश्नाची खरी धार दुबार पेरणीच्या वेळी कळते. पहिला पाऊस पडतो, शेतकरी सरकी टोबतो आणि पाऊस पंधरा दिवस दडी मारतो. एकरी दोन पाकिटे धरली तर २०२५ च्या दराने पाच एकरांचे बियाणे ९,०१० रुपयांचे झाले. ते वाळून गेले की पुन्हा ९,०१० रुपये. घरची सरकी असती तर गेलेली मेहनत गेली असती, पण रोख गेली नसती. हीच दुसऱ्या पेरणीची रोख सावकाराच्या वा कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत चढते आणि कर्जाची सुरुवात पीक उगवण्याआधीच होते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाले, त्या जिल्ह्यात ही रक्कम किरकोळ मानता येणार नाही.

म्हणून चळवळीच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि महाबीज या तीन सार्वजनिक संस्था यवतमाळच्या दोनशे किलोमीटरांच्या आत आहेत. लवकर येणारे, दाट लावता येणारे, रसशोषक किडींना तोंड देणारे सरळ वाण, देशी आणि अमेरिकन दोन्ही, पुरेशा प्रमाणात व वेळेवर उपलब्ध करून देण्याचे बंधन त्यांच्यावर घातले पाहिजे, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद झाली पाहिजे. प्रत्येक पाकिटावर ‘संकरित’ की ‘सरळ’ आणि ‘पुढील वर्षी पेरण्यायोग्य’ की ‘अयोग्य’, हे ठळक मराठीत छापण्याची सक्ती झाली पाहिजे. आज शेतकरी नावावर आणि चित्रावर बियाणे घेतो. त्याला त्याचे कुळ कळण्याचा अधिकार आहे.

त्याचबरोबर हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की, घरचे बियाणे ही फुकटची गोष्ट नाही. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र होतो आणि वाणाची शुद्धता तेथेच संपते. भेसळीची ही तक्रार इतकी जुनी आहे की इंग्रज सरकारला १९२३ साली कापूस वाहतुकीवर त्यासाठी कायदा करावा लागला होता. म्हणून गावाच्या पातळीवर बियाण्याचे वेगळे शेत, भेसळ झाडे वेळीच उपटणे, बियाण्याचा कापूस वेगळा वेचणे आणि त्याची सरकी वेगळी काढणे हे काम सहकाराने करावे लागेल. एकट्या शेतकऱ्याला ते परवडणार नाही; गावाला परवडेल. फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे हाही याच कामाचा भाग आहे, कारण अळीच्या पिढ्यांची साखळी तेथे तुटते. बीटी वाण पेरणाऱ्यालाही त्याचा तितकाच लाभ आहे.

शेतकऱ्याच्या घरात बापाकडून मुलाकडे जमीन येते आणि सातबाऱ्यावरचा बोजाही येतो. पूर्वी त्यांच्यासोबत माळ्यावरचे बियाणेही येत असे. दोन वारसे राहिले, तिसरा तुटला. संसदेने २००१ साली तो हक्क कागदावर परत दिला आहे. त्या कागदाला अर्थ यायचा असेल तर सरकीच्या आतला नियमही शेतकऱ्याच्या बाजूने वापरला गेला पाहिजे. हे काम शास्त्रज्ञांचे आहे, सरकारचे आहे आणि त्या दोघांना भाग पाडणाऱ्या संघटनेचे आहे. येत्या उन्हाळ्यात, बियाण्याच्या रांगा लागण्यापूर्वी, गावोगावच्या ग्रामसभांत मेंडेलचे तीनास एक हे साधे गणित फळ्यावर मांडले गेले, तरी त्या कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.